देवीची आंबाडी

जुने शहर, अकोला
ता. १२ जानेवारी १९५८

केशर हीस दुर्गाचा जयभीम.

तुझं पत्र पोचलं. तू लिहितेस, ‘वहिनी, तू तीन ओळींत पत्र उरकतेस.’ अगं, चौथी पास बाईने किती लिहावं? तरी आज कार्ड न घेता पाकीट आणलंय. कार्ड आपला पोस्टमन वाचतो आणि मग आपली खबर आपल्या आधी गल्लीला कळते.

संक्रांत आली. बौद्ध झाल्यापासून आपण हे सण करत नाही, पण तीळ घरात होते, ते काय मोर्णा नदीत टाकायचे? गूळ घालून वड्या थापल्या. तुझे दादा म्हणाले, ‘हे काय?’ मी म्हटलं, ‘थंडीचं औषध.’ ते हसले आणि चार वड्या खाल्ल्या. आता ते इथल्या बौद्ध मंडळाचे चिटणीस झालेत. दिवसभर मालधक्क्यावर वॅगनी मोजायच्या, संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर भाषण. बोलतात फार छान. मागे ‘मुलींना शिकवा’ यावर बोलले तर बाया पदराने डोळे पुसत होत्या.

आनंदाची गोष्ट म्हणजे तुझ्या भाचीला, मैनेला, पातूरचं स्थळ आलंय. मुलगा गोवर्धन, कचेरीत नोकरीला आहे. त्याचे वडील पुंजाजी दिवाळीच्या सुमारास येऊन मुलगी पाहून गेले. आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, स्थळ फार पसंत आहे. मैना आठवीत आहे, चौदावं सरलं. चालून आलेलं स्थळ परतवू नये म्हणतात. तेव्हा आनंदच आहे.

आता तुला नर्स म्हणून विचारते. माझ्या घशात गोळा आलाय. लिंबाएवढा वाटतो. हात लावून पाहिलं तर बाहेर काही लागत नाही. पातूरची माणसं येऊन गेली त्या हप्त्यात सुरू झालं, अजून आहे. आपल्या मागच्या गल्लीतली माणिकबाई घशाच्या गाठीनेच गेली, ते तुला आठवत असेल. मला भीती वाटते. मैना अजून लहान आहे.

आत्याबाई वेगळंच म्हणतात. ‘मरीमाय तुह्या अंगात येत होती. तिले तुमी नदीत बुडवलं. आता ते तुहा गळा दाबून राहिली.’ मी ऐकून घेते. तुझ्या दादांच्या कानावर गेलं तर घरात महाभारत होईल. तू कोणाला कळू न देता काय ते लिही.

तुझी
दुर्गावहिनी

०

अमरावती
ता. १८ जानेवारी १९५८

प्रिय वहिनीस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून आधी घाबरले आणि मग आईचा संताप आला. देवी गळा दाबते म्हणे! दाबायचाच होता तर दादाचा दाबला असता, देव्हारा डोक्यावर घेऊन नदीपर्यंत तो गेला होता. सव्वा वर्षापूर्वी आपण सगळ्यांनी त्या गोष्टींना रामराम ठोकला आणि आई अजून तिथेच. तिला माझं नाव सांगून सांग, की असलं पुन्हा बोललीस तर केशर सुट्टीत येणार नाही.

आणि तू. दोन-अडीच महिने घशात गोळा आहे आणि मला आज सांगतेस! आमच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, हाताला फार चांगल्या. पुढच्या महिन्यात दादाला सांगून निघून ये. ‘केशरला बरं नाही, बघून येते’ म्हण. खोटंही होणार नाही, मला हल्ली पोटात जळजळ होते, खाण्याचा सोडा घेऊन ड्यूटी करते. काळजीचं काही नाही. ड्यूट्याच अशा लागतात. बाकी मी मजेत आहे. क्वार्टरमध्ये आम्ही चौघी सिस्टर आहोत, सगळ्या चांगल्या आहेत.

मैनेचं वाचलं. इतकी घाई कशाला? पण तुम्हा सगळ्यांना पसंत आहे म्हणतेस, मग मी लांबून काय बोलू? मुलगा नोकरीवाला आहे, हे बरं.

माणिकबाईचा विचार डोक्यातून काढ. नक्की ये.

तुझी
केशर

०

अमरावती
ता. २१ फेब्रुवारी १९५८

प्रिय वहिनीस जयभीम.

सुखरूप पोचलीस ना? डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं तेच पुन्हा लिहिते, म्हणजे आईला वाचून दाखवता येईल. घशात गाठ नाही, सूज नाही. एक्स-रेचा फोटोही स्वच्छ आहे. त्या म्हणाल्या, ‘भाकरीचा घास खाली जातो आणि नुसती थुंकी गिळताना अडतं, मग तो कॅन्सर नव्हे. गाठ असती तर आधी भाकरी अडली असती.’ किती सोपं! मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

मग त्यांनी तुला विचारलं, ‘घरी काही काळजी आहे का?’ तू म्हणालीस, ‘काहीच नाही.’ मी बाजूलाच उभी होते. मलाही वाटलं, खरंच काय आहे? दादा देवमाणूस, खायला-प्यायला आहे, मुलीला स्थळ चालून आलंय. वहिनी, राग मानू नकोस, पण रिकामं मन हे सगळे रोग काढतं. वॉर्डात अशा बाया रोज येतात. काहीतरी कामात जीव घाल. दिलेल्या गोळ्या घे, सकाळी नदीकाठाने फिरून ये, आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं मनाला बजावत राहा. म्हणजे गोळा आपोआप जाईल.

पोचल्याचं कार्ड टाक.

केशर

०

अमरावती
ता. २६ मार्च १९५८

प्रिय वहिनी,

महिना झाला, तुझं कार्ड नाही. दादाचं आलं, त्यात लिहिलंय, ‘तुझ्या वहिनीचा आवाज बसला आहे, खुणेने बोलते. जेवण कमी झाले आहे. पातूरकर वीस एप्रिलला साक्षगंधाची तारीख ठरवायला येणार, तोवर बरी झाली पाहिजे.’

माझं काही चुकलं का? मी ड्यूटीवरून येऊन घाईघाईत लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंना परवा तुझं सांगितलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, ‘सिस्टर, तुम्ही तिला गोळ्या आणि उपदेश दिलात. तिला काय म्हणायचंय ते विचारलंत का? ती “काहीच नाही” म्हणाली तेव्हा घसा धरून म्हणाली, ते मी पाहिलं. तुम्ही पाहिलं नाही.’

खरंच मी पाहिलं नाही. आता विचारते. वहिनी, मी लहान असताना तू माझे केस विंचरायचीस आणि मी तुला सगळं सांगायचे. आता तू सांग.

तुझी
केशर

०

जुने शहर, अकोला
ता. २ एप्रिल १९५८

केशर हीस जयभीम.

तुझा राग आला होता. आता खोटं कशाला बोलू? ‘रिकामं मन’ म्हणालीस. पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या बाईचं मन रिकामं असायला तिला वेळ कुठला गं? पण दुसरं पत्र आलं आणि राग गेला. हे पाकीट जड झालंय, तिकीट जास्तीचं लावते. आवाज नाही तर हात तरी चालू दे.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुझी आहे, पण तुला माहीत नाही.

तू शाळा संपवून घरी बसली होतीस तो पावसाळा आठव. मूर्तिजापूरच्या स्थळाशी बोलणी झाली होती. नर्सिंगच्या ट्रेनिंगचा अर्ज तू भरून दादांजवळ दिला होतास, आणि तो त्यांच्या कोटाच्या खिशात पडून होता. मी एकदा म्हटलं, ‘पोरीचं मन आहे.’ ते म्हणाले, ‘मायले विचार.’ आत्याबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, ‘सुनेनं सुनेसारखं राहावं.’ झालं, मी गप्प बसले.

मग आषाढातली मरीमायची आखाडीची पूजा आली, तू त्या हप्त्यात मामाकडे गेली होतीस आणि मागाहून तुला कोणी काही सांगितलं नाही. डफडं वाजायला लागलं आणि दरसालाप्रमाणे माझ्या अंगात आलं. आत्याबाईंनी कुंकवाचा मळवट भरला, लिंबाचा डहाळा हातात दिला आणि पदर पसरून विचारलं, ‘माय, आमचं काई चुकलं का?’ तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो सगळ्या वस्तीने ऐकला. ‘तुही पोरगी मले दे. तिले आजाऱ्यायची सेवा करू दे. तिचं लगन यंदा करशीन तं मी या घरात राहनार नाई.’ सगळे पाया पडले. तुझे दादा पाया पडले. दुसऱ्या दिवशी अर्ज पोस्टात गेला. तू समजतेस, दादाचे विचार सुधारलेले म्हणून तुला धाडलं. विचार चांगलेच आहेत त्यांचे. पण ते कोटाच्या खिशात राहतात.

तू विचारशील, ‘वहिनी, तू सोंग केलंस?’ मला स्वतःला माहीत नाही. डफड्याचा आवाज आला की पाय गार पडायचे, दात वाजायचे, अंग आपलं नाहीसं व्हायचं. सोंगाला इतका घाम येतो का? पण एवढं खरं, देवी जे बोलायची ते मी वर्षभर मनात घोळवलेलं असायचं. मैना पोटात होती तेव्हा देवीने आंबाडीची भाजी मागितली होती, वर लसणाची फोडणी घालून. आत्याबाईंनी हात जोडून केली आणि मी पोटभर खाल्ली. हस, हस. मला आता लिहितानाही हसू येतंय.

आता खरं ऐक. दीक्षा मी कोणाच्या मागे ओढली जाऊन घेतली नाही, माझ्या मनाने घेतली. देव्हारा पाण्यात सोडला तेव्हा मला रडू आलं नाही, उलट मोकळं वाटलं. माणसासारखं माणूस व्हायचं, कोणापुढे भुईला डोकं टेकायचं नाही, हे मला पटलंय. देवी मला परत नको. पण ती गेली, आणि तिच्याबरोबर माझं बोलणं गेलं. दुर्गाचं या घरात कधी कोण ऐकत होतं? ऐकायचे ते तिचं.

मैनेला शिकायचंय. वर्गात दुसरी आली आहे. ती मला काही म्हणत नाही, फक्त पुस्तकाला कव्हर घालत बसते, घातलेलं काढून पुन्हा घालते. तिचं लग्न आता नको, हे मला म्हणायचंय. दिवाळीत मी तुझ्या दादांपाशी कसंबसं म्हटलं. ते म्हणाले, ‘खरं हाय तुहं. मायले विचार.’ पुन्हा तेच! तेव्हापासून रोज सकाळी ठरवते, आज आत्याबाईंना सांगायचं. त्यांच्यापुढे उभी राहते आणि गोळा वर येतो. आता तर आवाजही गेला. वीस तारखेला पातूरकर येतील, ‘हो’ होईल आणि मी चहाचे कप विसळत असेन.

आणि तुझं काय गं? तुझ्याकडे आले होते तेव्हा तू क्वार्टरमध्ये एक घोट पाणी प्यायली नाहीस. तहान लागली की दवाखान्याच्या नळावर जायचीस. मला वाटलं, नळाचं पाणी आवडत असेल. पण मी पाण्यावरून मार खाल्लेल्या बापाची लेक आहे. पोटातली जळजळ ड्यूटीची नाही. खरं लिही.

दुर्गा

०

अमरावती
ता. ८ एप्रिल १९५८

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. सहा वर्षं ही पांढरी साडी नेसून फिरते आणि लोकांना सांगते, माझ्या भावाने मला शिकवलं. तू माझ्यासाठी घसा फोडून ओरडलीस, आणि मी तुला लिहिलं, फिरायला जा! माझी मलाच लाज वाटते.

पाण्याचं तू बरोबर ओळखलंस. मी इथे आले तेव्हा एकच माठ होता. मग कुणीतरी कुणाला तरी माझं गाव, घर, सगळं सांगितलं. एके दिवशी ड्यूटीवरून आले तर कोपऱ्यात दुसरा छोटा माठ. एकजण गोड हसून म्हणाली, ‘केशर, तुझ्यासाठी स्वतंत्र आणलाय, तुला सोयीचं.’ मीही हसले. थँक यू म्हणाले! तेव्हापासून त्या माठाला हात लावला नाही आणि मोठ्याला लावायची छाती होत नाही. दिवसभर रोग्यांना धीर देते आणि पोटात आग पडलेली असते. खाण्याचा सोडा किती घ्यावा? डॉक्टरीणबाई म्हणतात ते खरं असावं. आपण जे अडवून धरतो त्याचं ओझं शरीराला वाहावं लागतं. तुझं घशात, माझं पोटात.

आता मैनेचं. मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच येऊन दादाला धरलं असतं. त्याला पत्र लिहिलं तर तो ‘मायले विचार’ म्हणणार. मी काय लिहितेय ते वाचून पत्र चुलीत घाल. वहिनी, एकदाच येऊ दे ना अंगात. शेवटचं! पातूरकर बसले असताना केस सोड आणि दोन शब्द बोल. आई पाया पडेल, पुंजाजीही पडतील, म्हातारी माणसं अजून आतून घाबरतात. दादा चिडेल तर चिडू दे. पोरगी तर वाचेल. मी आईला देवीवरून इतकं बोलले आणि आता मीच असं लिहितेय, ते मला कळतंय. पण दुसरा रस्ता दिसत नाही.

तुझी
केशर

०

जुने शहर, अकोला
ता. २८ एप्रिल १९५८

केशर हीस जयभीम.

पत्र चुलीत घातलं. घालण्याआधी पुष्कळदा वाचलं.

वीस तारखेला, रविवारी, पातूरकर आले. पुंजाजी, त्यांचे दोन भाऊबंद, आणि मंडळातले चारजण आपल्याकडून. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती. आम्ही बाया दाराआड. मैनेने चहा नेऊन दिला, पाया पडली आणि आत येऊन कोनाड्याकडे तोंड करून उभी राहिली. पुंजाजी माणूस वाईट नाही, सरळ आहे. म्हणाले, ‘पोरगी आमाले पसंत हाय. बुद्धपौर्णिमेले साक्षगंध उरकून टाकू. काय म्हनता, शेषराव?’

तुझ्या दादांनी ‘हो’साठी तोंड उघडलं आणि माझे पाय गार पडले. तेच जुनं. कुठे डफडं नाही, कुंकू नाही, भरदुपारी, आणि माझे दात वाजायला लागले. मी उंबरा कधी ओलांडला ते कळलं नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर, सगळ्यांच्या मधोमध उभी मी, झाडासारखी हलते आहे.

आत्याबाईंनी पाहिलं मात्र, त्या धावल्या. अंगणातल्या लिंबाचा डहाळा ओरबाडून आणला, माझ्यापुढे धरला आणि पदर पसरला. ‘आली का माय? बोल, आमचं काई चुकलं का?’ पुंजाजी झटकन उभे राहिले, त्यांनी हात जोडले. त्यांचे भाऊबंद उभे राहिले. तुझे दादा मात्र पांढरेफटक. चिटणीसाच्या घरात देवी, आणि मंडळाचे चारजण बघतायत!

केशर, त्या वेळी तुझं पत्र माझ्या कानात बोलत होतं. केस सोडायचे आणि दोन शब्द बोलायचे, की काम फत्ते. जिभेवर आलंच होतं. पण कोनाड्यापाशी मैना वळून बघत होती. मी देवी होऊन तिला सोडवलं असतं, तर उद्या तिला काही म्हणायचं झालं की तिनेही अंगात यायची वाट बघायची का? तिच्या वेळेला तर देवीही नसेल.

मी म्हटलं, ‘आत्याबाई, डहाळा खाली ठेवा. देवी नाई आली. मी बोलून राहिली, दुर्गा.’

आवाज फाटका होता, पण होता. मग थांबता येईना. ‘मैनेचं लगन मी आता करू देनार नाई. ते शिकून राहिली, शिकू द्या. मॅट्रिक होईन, मंग पाहू. मले भेव वाटून राहिलं, माहे पाय कापून राहिले, तरी सांगून राहिली. इतके वर्स देवीच्या तोंडून बोलली, आता माह्या तोंडून आयका.’

देवी असती तर आतापर्यंत नारळ फुटला असता. पुंजाजींनी जोडलेले हात सोडले आणि खाली बसले. म्हणाले, ‘देवीचं असतं तं मानलं असतं. बाईच्या बोलन्यावर सोयरीक थांबते का, शेषराव?’ तुझ्या दादांनी नेहमीप्रमाणे मायकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

आत्याबाई डहाळा धरून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी तो भिंतीशी ठेवला, हात पदराला पुसले आणि बोलल्या. मी शब्द न् शब्द लिहिते, कारण ते तुझ्यासाठीही आहेत.

‘पुंजाजी, मी इतके वर्स ह्या सुनेच्या पाया पडली. तुमाले काय वाटते, मले काईच समजत नव्हतं? मरीमायले बाळापूरसारखी लसनाची फोडनी काहून लागे, हे मले कळत नव्हतं का? हिचं माहेर बाळापूरचं. देवी होती का नाई, मी कधी खोदून पाह्यलं नाई. केशरले शिकाले धाडाचं माह्याबी मनात होतं. पन सुनेचं आयकलं म्हनून लोक हासले असते. देवीचं आयकलं, तं कोनी हासलं नाई. मलेबी ते बरंच पडे.’ मग तुझ्या दादांकडे वळल्या. ‘शेषराव, आता देवी नाई. लोक हासतीन तं हासू दे. तुही बायको काय म्हनते ते आयकलं ना? मीबी तेच म्हनून राहिली.’

दादा शेवटी पुंजाजींना म्हणाले, ‘मॅट्रिकपावतर थांबत असान तं ठीक, नाई तं तुमी मोकळे.’ पुंजाजी चहा पिऊन उठले. ते थांबणार नाहीत, बोरगावचं दुसरं स्थळ बघितलं असं कानावर आलंय. त्यांचं भलं होवो.

पाचव्या दिवशी तुझे दादा जेवताना म्हणाले, ‘मले आधी काहून नाई सांगतलं?’ मी म्हटलं, ‘सांगतलं होतं. तुमी म्हनले, मायले विचार.’ त्यांनी घास हातात धरून विचार केला आणि म्हणाले, ‘हो. म्हनलो होतो.’ काल मैनेसाठी नववीची जुनी पुस्तकं घेऊन आले. आता ती त्यांना कव्हरं घालत बसली आहे.

घशाचं विचारशील. भाकरी जाते, आवाज आला. गोळा पार गेला असं नाही. परवा शेजारणीने आपल्या दारात राख टाकली तेव्हा आला होता. आता मला कळतं, की काहीतरी म्हणायचं राहिलंय. मग जाऊन म्हणून आले. गोळा गेला, पण शेजारीण रुसली आहे.

आज दुपारी आत्याबाईंनी उतरंडीच्या मडक्यातून वाळवलेली आंबाडी काढली. डाळ-कण्या घालून शिजवली, वर लसणाची फोडणी दिली आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, ‘खाय. आता आंबाडीसाठी अंगात याची गरज नाई, मागत जाय.’ केशर, मला भाजी खाता येईना. या वेळी घशात गोळा नव्हता. रडत होते मी.

तुझ्या माठाचं काय झालं?

तुझी
दुर्गा

०

अमरावती
ता. ४ मे १९५८

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ड्यूटीवरून नुकतीच आले होते, घशाला कोरड पडली होती. उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर मोठ्या माठाकडे गेले, झाकण काढलं, पेला बुडवला आणि प्यायले. तिघी बघत होत्या. माझेही पाय कापत होते, तू लिहिलंस तसे. मी म्हणाले, ‘यापुढे मी याच माठातलं पाणी पिणार. रोजचा माठ भरायची माझी पाळी मी घेईन. तो छोटा माठ मला सोयीचा नाही.’

एकजण उठून बाहेर गेली आणि संध्याकाळी स्वतःसाठी तांब्या घेऊन आली. तिचा तांब्या तिला लखलाभ. दुसरी अजून माझ्यापुढून मान वळवून जाते. तिसरी मात्र आज सकाळी म्हणाली, ‘सिस्टर, आज पाणी भरायची तुमची पाळी ना? मी पण येते, माठ जड आहे.’ सोड्याची पुडी ट्रंकेत टाकली आहे. फेकली नाही, लागेल कधीमधी.

डॉक्टरीणबाईंना तुझी हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ‘तुमच्या आईला एकदा बघायचंय मला.’

वहिनी, ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी आई अकोल्याच्या स्टेशनवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. सगळे रडत होते आणि ती पाठ करून उभी होती. मला वाटायचं, दादापुढे काही चालेना म्हणून नाइलाजाने सोडतेय मला. इतकी वर्षं मनात अढी धरून होते. सुट्टीत आले की देवीवरून तिला टोचून बोलायचे, ते त्याच रागाने. आणि तिने एकदाही सांगितलं नाही की तिलाही मला धाडायचं होतं.

मला पंधरा तारखेपासून रजा मिळाली आहे. घरी आले की आधी आईच्या पाया पडणार आहे. तिला सांगून ठेव, नाहीतर माझ्याच अंगात आलं समजून बिचारी डहाळा आणायला धावेल.

तुझी
केशर